प्रार्थनेचा विषय

५ मार्च, मंगळवार

मातीच्या नवव्या डबीचं वजन सांगता सांगता उल्दा थांबली. मी आकडा लिहायला पेन टेकवून बसलो होतो. "एकतीस पूर्णांक," म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही. मला वाटलं तराजू बिघडला.

"बंधू एलिऊ, मी आठ महिने प्रार्थना केलेली नाही."

मी विचारलं, "पूर्णांकानंतर किती?"

"चार दोन." मग डबी बाजूला ठेवून म्हणाली, "आळसानं नाही. समोर कोणी आहे असं वाटतच नाही. बसते, डोळे मिटते, आणि खोलीत मी एकटीच असते."

मी पेन खाली ठेवलं. उल्दा दोन वर्षं माझी सहायक आहे. तिच्यासारखे हात या प्रयोगशाळेत वीस वर्षांत आले नाहीत. मातीची वळी करताना इतर मुलांची सहा मिलिमीटरवरच तुटते, हिची तीनपर्यंत जाते. वडील पाळक, डोंगरावर चाळीस घरांची मंडळी. अभ्यासक्रम मेमध्ये संपतो. पुढे चिलीत दोन वर्षं, उतार का घसरतात त्याचं शिक्षण. मंडळ्यांच्या समितीची शिष्यवृत्ती आहे, दर वर्षी एकच, आणि ती तिलाच मिळणार हे सगळे धरून चालले आहेत. मी तर नक्कीच.

मी सांगितलं की असे दिवस येतात, आणि चिकाटी ठेवावी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण मला वाटलं तुमचंही तसंच असेल."

"माझं?"

"तुमच्या प्रार्थनेत कधी चूक होत नाही. माझे बाबा अडखळतात, तीनदा तेच बोलतात, मध्येच रडतात. तुमची चाचणीच्या अहवालासारखी असते. सगळे रकाने भरलेले." आणि लगेच, "माफ करा. वाईट अर्थानं नाही म्हटलं."

मी हसलो. दहावी डबी मागितली.

तिनं विनंती केली, कोणाला सांगू नका. मी म्हटलं, अर्थातच.

६ मार्च, बुधवार

दिवसभर कालचंच डोक्यात. ती किती सहज बोलली. एका तरुण जिवाची अशी अवस्था आणि आपण स्वस्थ बसायचं, हे मला योग्य वाटेना.

संध्याकाळी मंडळीत प्रार्थनासभा. पाळकांनी विचारलं, कोणाचे काही विषय आहेत का. कोणाचा गुडघा, कोणाचा मेक्सिकोत अडकलेला भाऊ. मी उभा राहिलो. म्हटलं, विद्यापीठात एक तरुण भगिनी आहे, हुशार आहे, परदेशी जाण्याच्या बेतात आहे, तिचा विश्वास विझत चालला आहे. तिच्यासाठी भार घेऊन प्रार्थना करू या.

नाव घेतलं नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.

प्रार्थना फार चांगली झाली. सतरा जणांनी आवाज चढवून केली. एक वृद्ध भगिनी रडली. घरी येताना बरं वाटलं. बायकोनं, दामारिसनं, विचारलं, "कोण रे ती?" मी म्हटलं, "नाव सांगितलं तर मग विषय कसला."

ती म्हणाली, "तुझ्याकडे किती मुली आहेत?"

७ मार्च, गुरुवार

दुपारच्या प्रार्थना मंडळात तेरा जण. प्रयोगशाळेत बाकं सरकवून बसतो आम्ही, जेवणाच्या सुट्टीत. नऊ वर्षं झाली. ज्या भिंतींवर देव मेला असं लाल रंगात लिहिलेलं आहे, त्याच भिंतींच्या आत. मेच्या शिबिरात मला हाच विषय दिला आहे: विद्यापीठात विश्वासू माणसाचा प्रभाव.

उल्दा आली होती. नेहमीसारखी मागच्या बाकावर.

एबेर, जो माझ्याकडे तिसऱ्यांदा मृदाशास्त्राला बसला आहे, त्यानं आजचे विषय वाचून दाखवले. फोनवर आले होते त्याच्या. मंडळीचा गट आहे तिथून आत्याकडे, आत्याकडून त्याच्याकडे. त्यात शेवटचा होता: "अभियांत्रिकीतली एक बहीण, माती तपासते, देवाला सोडलं, चिलीला निघाली आहे. बंधू एलिऊंच्या देखरेखीखाली."

चिली मी म्हटलं नव्हतं. माती म्हटलं नव्हतं. माझं नाव मी कशाला घालीन?

कोणी मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांनी मान इतकी सरळ ठेवली की त्यावरूनच कळत होतं.

९ मार्च, शनिवार

आज ती आली नाही. डब्या मी धुतल्या.

११ मार्च, सोमवार

आली. सकाळचे सात, मी खिडकी उघडत होतो.

"तुम्ही सांगितलंत."

"नाव घेतलं नाही मी."

"प्रयोगशाळेत मी, एबेर आणि ऑस्माल्दो. त्यातली भगिनी कोण असेल?"

मी समजावलं की हे सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. दुखणं वैद्याकडे न्यावं तसं ते. ती ऐकत होती, हातमोजे चढवत होती. म्हणाली, "शनिवारी बाजारात तीन बायकांनी माझे हात धरले. एकीनं कांदे दिले फुकट. सगळ्या अशा हळू आवाजात बोलतात, जसं घरात कोणी गेलंय."

"ते प्रेम आहे उल्दा."

"असेल," म्हणाली. "नमुने कुठले करायचे आज?"

१४ मार्च, गुरुवार

मंडळात एकोणीस. दोन तर अर्थशास्त्राचे.

ओटो माझ्याच खोलीत बसतो, जलशास्त्र शिकवतो, बाप्तिस्मा झालेला आहे आणि त्यानंतर एकदाही चर्चमध्ये गेलेला नाही. मी बाकं लावत होतो तेव्हा दारात टेकून उभा होता.

"काय पाळकसाहेब, गर्दी वाढली. नवीन काही लागलंय का?"

"देवाची कृपा."

"ऐकलं मी. माझ्या मेव्हणीकडून. ती दुसऱ्या मंडळीत आहे, तरी तिला माहीत." मग म्हणाला, "तुमच्याकडे गुपित सांगायची सोय झकास आहे. फक्त डोळे मिटून सांगायचं."

मी म्हटलं, "तुला कळणार नाही."

"नाही कळत. मला एवढंच कळतं की ती पोरगी चार दिवस झाले माझ्याशीही खाली मान घालून बोलते. आणि मी तर नरकात जाणारा. माझ्यापुढे कसली लाज?"

ओटोला असलं बोलायची सवय आहे. मनावर घेत नाही.

२० मार्च, बुधवार

तिचे वडील आले. बंधू सेसिलिओ. विभागाच्या बाहेर बाकावर बसले होते, टोपी मांडीवर, पायाशी गाजरांची गोणी. मनगटाएवढी गाजरं, त्यांच्याकडचीच. मी नको नको म्हणत असताना ती माझ्या टेबलाखाली सारली.

"आमच्या बायकोच्या माहेरच्या मंडळीतून कळलं," म्हणाले. "चार मंडळ्या फिरून आलं माझ्यापर्यंत. मी व्यासपीठावर उभा होतो हो. एक जण उठला आणि म्हणाला, पाळकांच्या लेकीसाठी प्रार्थना करू."

मी खुर्ची पुढे केली.

"तुमचे आभार मानायला आलो. लेकरू रोज माझ्या समोर जेवतं, आमेन म्हणतं. मला आवाजात काही कळलं नाही. बाप असून. तुम्ही परके, तुम्हाला कळलं."

तिनं स्वतः सांगितलं, असं मी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का? त्यांनी मला समजणारा माणूस ठरवलं होतं, ते मोडवेना.

मग खाली बघत म्हणाले, "आता हे समितीलाही कळलं असणार. चिलीचं जाईल हातातलं. देवाशी समेट झाला पाहिजे. उघड, सगळ्यांसमोर. रविवारी आमच्याकडे या. हात तुम्ही ठेवा तिच्यावर. तुमचं वजन आहे."

मी हो म्हटलं.

जाताना दारात वळले. "ती येणार आहे पुढं. मी विचारलं तिला. लगेच हो म्हणाली." टोपी चढवत म्हणाले, "फार लगेच म्हणाली."

२१ मार्च

गाजरं दामारिसनं शेजारी वाटली. तिला म्हटलं रविवारी डोंगरावर जायचं आहे. तिनं विचारलं, "ती तुला नक्की काय म्हणाली होती, त्या दिवशी?"

"सांगितलं ना. प्रार्थना होत नाही म्हणून."

"तेवढंच?"

"तेवढंच."

२४ मार्च, रविवार

पत्र्याचं छप्पर, नवीन निळा रंग, मागे सरळ चढत गेलेला डोंगर. भिंत आणि उतार यांत दोन मीटरही अंतर नाही. उल्दानं हा उतार गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मोजला होता, आणि पावसाआधी मंडळीची इमारत हलवा असं वडिलांना लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी चौकटीत घालून आत लावला आहे. अभिमानानं. हलवलेलं काही नाही.

गाणी झाली. बंधू सेसिलिओंनी बोलावलं, "ज्याला परत यायचं आहे." ती उठली, विणलेली जाड शाल सावरत पुढे आली, गुडघ्यावर बसली. बायका आधीच रडायला लागल्या होत्या. मी पुढे गेलो आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. केस थंड होते, धुक्यात चालून आली होती.

मी सुरुवात केली. आणि माझ्या हाताखालून, ओठ फारसे न हलवता, ती म्हणाली, "समितीला तुमचं शिफारसपत्र सोमवारपर्यंत हवंय."

मी अडखळलो. चक्क अडखळलो. प्रभू म्हटलं आणि पुढचा शब्दच नाही. पुन्हा प्रभू म्हटलं. घशातून काहीतरी आवाज आला. मंडळी उसळली. कोणी ओरडलं, आत्मा उतरला. तिच्या वडिलांनी येऊन मला मागून मिठी मारली, त्यांचा गाल ओला होता. मी उभाच, हात तिच्या डोक्यावर, तोंड उघडं.

नंतर जेवायला बटाट्याचा रस्सा आणि शेका नावाचा इथला पाव. सगळे सांगत होते, इतकी प्रार्थना कधी ऐकली नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, ही गोष्ट मेच्या शिबिरात सांगणार ना.

ती ताटं उचलत होती. माझं ताट घेताना म्हणाली, "आभारी आहे." खरंच आभार मानत होती असं वाटलं.

२५ मार्च, सोमवार

शिफारसपत्राचा छापील नमुना आहे. उमेदवाराची शैक्षणिक पात्रता: तिथे मी पाऊण पान लिहिलं, आणि प्रत्येक शब्द खरा आहे. वीस वर्षांतली सर्वोत्तम विद्यार्थिनी, असं लिहिलं.

खाली एक ओळ. "उमेदवार विश्वासात जगत असल्याचं मला प्रत्यक्ष ठाऊक आहे." पुढे सहीसाठी टिंबं.

प्रत्यक्ष. नुसतं ठाऊक नाही, प्रत्यक्ष.

तासभर बसलो. कालची सगळी मंडळी साक्षीला आहे, कोणीही सही केली असती. पण त्या खोलीत एकट्या मलाच माहीत आहे. खोटी साक्ष मी आयुष्यात दिलेली नाही. परीक्षेत अर्धा गुण कोणाला वाढवून दिलेला नाही, मंत्र्याच्या पुतण्यालासुद्धा. माझा प्रभाव आहे तो एवढ्याचसाठी.

ओळ कोरी ठेवली. कोरी ओळ म्हणजे खोटं नाही.

त्याच बैठकीत एबेरचं पत्रही लिहिलं. त्यानं अर्ज केला आहे, मिळेल अशी त्यालाही आशा नाही. त्याची ओळ मी सहज भरली. गुरुवार चुकवत नाही, फोनवरचे विषय वाचतो.

२७ मार्च, बुधवार

तिला पत्राची प्रत द्यावी लागते. तिनं उभ्यानंच वाचली.

"ओळ राहिली आहे."

"राहिली नाही."

ती बसली. "रविवारी तुमचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर होते."

"म्हणूनच. तू काय म्हणालीस ते मी ऐकलं."

"हो, ऐकायलाच म्हटलं होतं. तुमच्याशी तरी खोटं नको म्हणून."

मी म्हटलं की मी तिचं वाईट चिंतत नाही. माझ्या सहीला काही अर्थ आहे, तो मी घालवू शकत नाही. एकदा खोटं लिहिलं की मग इतक्या वर्षांच्या साऱ्याच सह्या खोट्या.

"तुम्ही मंडळीच्या वडीलजनांत आहात ना?"

"हो."

"दर जानेवारीत सही करता ना, विश्वासाच्या कबुलीवर? या जानेवारीत केलीत?"

"तो माझा आणि देवाचा प्रश्न आहे."

"मग माझाही तसाच राहू द्यायचा होता," ती म्हणाली.

आवाज चढवला नाही. प्रत घडी घालून वहीत ठेवली आणि ओव्हन किती अंशांवर लावायचा ते विचारलं. एकशे पाच. तिला माहीत आहे. दोन वर्षं तीच लावते.

४ एप्रिल, गुरुवार

मंडळात सव्वीस. बाकं कमी पडली. अधिष्ठात्यांनी वरच्या मजल्यावरचा मोठा वर्ग वापरायला तोंडी परवानगी दिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

बोलताना एकदा जाणवलं की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आहे. किती वेळ बघत होतो कोण जाणे. पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं.

८ एप्रिल, सोमवार

समितीच्या सचिवबाईंचा फोन.

"बंधू, उल्दा साकालशॉत या मुलीच्या पत्रात एक सही नजरचुकीनं राहिली आहे."

मी म्हटलं, "मी ते समितीवर सोडतो."

"म्हणजे?"

"ओळ जशी आहे तशी."

त्या हळूच म्हणाल्या, "समेट झाला ना हो तिचा? आम्ही तर ऐकलं, तुमच्याच हातून. आमच्याकडे सगळे देवाचं गौरव करताहेत." मग त्या म्हणाल्या, "दुसरा कोणी प्राध्यापक ती ओळ भरू शकत नाही, नियम आहे, विश्वासू असावा लागतो आणि शिकवलेलं असावं लागतं. तुम्हीच आहात. यादी शुक्रवारी सकाळी राजधानीला जाते, मग ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची सुट्टी. तोपर्यंत नुसतं फोनवर सांगितलंत तरी मी लिहून घेईन. नाहीतर मग तो दुसरा मुलगा."

"कोण दुसरा?"

"तुमचाच की. एबेर."

९ एप्रिल, मंगळवार

ओटोला सांगितलं. सांगायचं नव्हतं. कॉफी पिताना तोंडातून गेलं.

"एबेर?" म्हणाला. "जो मातीच्या प्रवाही मर्यादेला नदीची पातळी समजतो?"

"तो प्रामाणिक मुलगा आहे."

"एलिऊ. ती सही म्हणजे काय? अर्धा इंच शाई. मी नास्तिक आहे म्हणून माझी चालत नाही, नाहीतर मी आत्ता रक्तानं केली असती."

"माझ्यासाठी ती अर्धा इंच शाई नाही."

"हो का," म्हणाला. "मग तू तिचं नाव पूर्ण शेला शहरभर केलंस तेव्हा काय होतं ते? तिथं सही लागली नाही, नाही का."

"नाव मी घेतलं नाही."

ओटोनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याची चेष्टा संपल्यावर तो कसा दिसतो ते मी विसरलो होतो.

"तुला काय भीती आहे रे?" म्हणाला. "तिनं तुझ्याबद्दल काय बघितलं?"

मी त्याला म्हटलं, तास आहे. तास नव्हता.

१० एप्रिल, बुधवार

उल्दानं चाव्या परत केल्या. प्रबंध पूर्ण आहे, छापून टेबलावर ठेवला, दोनशे चौदा नमुने, एकाचाही आकडा शंकास्पद नाही. समुद्राच्या बाजूला रस्त्याचं काम चालू आहे, तिथे ठेकेदाराकडे माती तपासायला माणूस हवा होता. सोमवारी रुजू व्हायचं आहे. पवित्र आठवड्यातही काम चालतं त्यांचं.

"शुक्रवारपर्यंत थांब," मी म्हटलं. का म्हटलं?

"शुक्रवारी काय आहे?"

मी प्रबंधाची पानं सारखी केली.

ती म्हणाली, "बाबा रोज सकाळी उठून तुमच्यासाठी प्रार्थना करतात. तुम्ही मला परत आणलंत म्हणून. पत्राचं मी त्यांना सांगितलेलं नाही. जागा कमी होत्या, असं सांगणार आहे." आणि मग, "तुम्हीही तेच सांगा. त्यांना दुसरं काही सांगू नका. आता कोणाला काही सांगू नका माझं."

मी म्हटलं, अर्थातच.

हा शब्द मी तिला आधीही दिला होता, हे तिला आठवलं असणार. माझ्याकडे पाहिलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

आज मंडळ घेतलं नाही. डोकं दुखतं असं कळवलं. वरच्या वर्गात चाळीस जण येऊन परत गेले म्हणे.

दुपारभर घरी. दामारिस भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. म्हणजे ते एक वाक्य सांगितलं, जे मी त्या दिवशी इथे लिहिलं आणि तिला सांगितलं नव्हतं. की उल्दाला वाटलं माझंही तसंच असेल.

दामारिसचे हात थांबले नाहीत. "मग? काय म्हणालास तिला?"

"हसलो."

"मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं," म्हणाली. "तुझी आई गेली त्याच्याही आधीपासून. मी बाजूला गुडघ्यावर असते रे रोज. मला कळत नाही?"

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? सभेत उभी राहून?"

बाहेर मुलं चेंडू खेळत होती, तो दारावर आपटला दोनदा. मी तिला विचारलं, असा माणूस विद्यापीठात काय करतो आहे. ती म्हणाली, "शिकवतो. माती चांगली शिकवतोस तू." आणि मग म्हणाली, "त्या पोरीचं काय ते बघ आधी. तुझं राहू दे."

अकरा वर्षं झाली असतील. काही घडलं नाही, कोणी फसवलं नाही. एक दिवस बोलता बोलता लक्षात आलं की मी उत्तराची वाट बघणं सोडलं आहे. बोलणं तसंच चालू राहिलं. ते लोकांना आवडलंही. प्रयोगशाळेत मंडळ सुरू केलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, हे आज हिशेब करताना कळलं. ती मुलगी खोलीत एकटी होती तेव्हा तिनं तसं सांगितलं. मी माझी खोली भरून घेतली.

तिला भीती नव्हती, मला होती. मी तिचा विषय केला, तो माझा होऊ नये म्हणून. हे लिहून ठेवलं म्हणजे आता खोडता येणार नाही.

ठरलं आहे. उद्या सकाळी कार्यालय आठ वाजता उघडतं. उघडताच फोन करायचा आणि सांगायचं की ओळ भरा. त्यांनी विचारलं की प्रत्यक्ष ठाऊक आहे का, तर म्हणायचं, तिच्याइतकी खरं बोलणारी व्यक्ती मी पाहिली नाही, तुम्ही त्याला विश्वास म्हणत असाल तर आहे. नसाल म्हणत तर विश्वासाच्या कबुलीवरची माझीही ओळ कोरी करा, आणि एबेरच्या पत्रावरची सही काढा, कारण मला ती करायचा हक्क नव्हता. मेच्या शिबिरालाही येत नाही. हे सगळं पाठ केलं आहे, अडखळलो तर अडखळलो.

दामारिसनं पाचेस केले होते, पानात वाफवलेले बटाट्याचे, गुरुवारचा रिवाज म्हणून. तीन खाल्ले. कित्येक दिवसांनी चव लागली. आता बाहेर उजेड आहे अजून, ज्वालामुखीचं टोक स्वच्छ दिसतं आहे, आणि मला हलकं वाटतं आहे.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सातचा तास घेतला, तो ऐन वेळी रद्द करणं बरं दिसलं नसतं. आठच्या मधल्या सुट्टीत चाचणीचे पेपर वाटायचे होते. नऊला विभागाची बैठक होती, ती लांबली. साडेदहाला फोन केला. सचिवबाई म्हणाल्या, यादी नऊ वाजता गेली, माणूस घेऊन निघालासुद्धा. विचारलं, काही काम होतं का. मी म्हटलं, नाही.